एकेरी पूल

सकाळी सहाला माझ्या हातात दोन झेंडे असतात,
एक लाल, एक हिरवा, दोन्ही ठेकेदाराचे.
रोजचे साडेचारशे, आणि एक पिवळं हेल्मेट
ज्याच्या खाली अंबाडा मावत नाही.
ओढ्याच्या पलीकडे इराप्पा.
मधे पाईप टाकून केलेला मातीचा वळसा,
आणि वळशाच्या उजव्या हाताला
पूल, नंबर एक्केचाळीस बटे दोन,
मोडायला घेतलेला.

कोबी भरून गोव्याला निघालेले टेम्पो,
दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर,
खानापूरची लाल बस,
सगळे माझ्याकडे बघतात, मी इराप्पाकडे.
फोनवर तो म्हणतो, 'बिडरी.'
मी म्हणते, 'सोडले.'
तीन महिन्यांत आमचं एवढंच बोलणं,
आणि एकदाही गाडीवर गाडी आली नाही.

पूल चालू होता तेव्हाही असंच होतं, झेंड्यांशिवाय.
एका वेळी एकच ट्रक जाईल एवढी रुंदी.
म्हणून या टोकाचा त्या टोकाला बघायचा.
एकदा डिपर मारला की 'तू ये',
दोनदा मारला की 'मी घुसतोय, सांभाळ'.
कठड्याच्या पहिल्या दगडावर
वऱ्हाडांनी फोडलेल्या नारळांचे डाग.

बा माझा गँगमन. म्हष्णू नाव.
मधल्या खांबावर फूट रंगवलेले त्यानं,
एक ते अकरा, आपल्या आकड्यांत.
मागनं कुणीतरी शेजारी कन्नड आकडे काढले.
पाणी दोन्हींवर सारखंच चढायचं.
ज्या साली अकराच्या वर गेलं
त्या रात्री बा बॅटरी घेऊन रस्त्यात आडवा बसला,
एकालाही पुलावर जाऊ दिलं नाही.
सकाळी पूल जागच्या जागी!
लोकांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या.
बा म्हणाला,
'शिव्या द्यायला उरलात न्हवं, झालं तर मग.'

हिरेमठ साहेब गदगचे, वयानं माझ्याहून लहान.
त्यांनी खांबाला ड्रिल लावून
दगडाच्या गोल कांड्या काढल्या, लॅबला धाडल्या.
एक जास्तीची होती, ती मला दिली.
म्हणाले, 'चुना मेलाय. दगड गट्टी आहे.'
त्यांच्यात गट्टी म्हणजे घट्ट,
आमच्यात गट्टी म्हणजे दोस्ती.
मी दोन्ही धरलं.
घरी त्या कांडीनं लसूण ठेचते.
बा तिला हात लावत नाही.

नवा चौपदरी होणार.
साहेब म्हणतात, गाडी ऐंशीनं जाईल,
खाली ओढा आहे हे कळणारसुद्धा नाही.
चांगलंच आहे.
गेल्या आषाढात पूल बंद, ॲम्ब्युलन्स चौदा किलोमीटर फिरली,
आत निलव्वा अडलेली.
पोर वाटेतच झाली. जगली, पण निलव्वा अजून
त्या वाटेचं नाव घेत नाही.
मी काही पुलासाठी रडणार नाही.
फक्त, यापुढे कुणाला कुणासाठी
थांबावं लागणार नाही,
ते जरा चमत्कारिक वाटतं.

कमानी आधी गेल्या. पाकोळ्या उडाल्या,
घिरट्या घालून परत आल्या
जिथं कमान नव्हती तिथं.
काल दुपारी मधला खांब.
ब्रेकरवाला झारखंडचा, त्याला काय ठाऊक
तो कुठल्या फुटावर टोचा मारतोय ते.
अकराच्या अकरा खाली आले,
दोन्ही लिप्यांतले, एकदम.

धूळ बसेपर्यंत दोन्हीकडच्या गाड्या धरून ठेवल्या.
धूळ बसली.
हिरवा उचलायचा होता. उचलेना.
फोनवर इराप्पाही गप्प,
नुसता त्याचा श्वास, आणि त्याच्या बाजूचं एक इंजिन.
मग तोच म्हणाला, पहिल्यांदाच माझ्या भाषेत,
'सोड की गं आता.'

'बिडरी,' म्हणाले मी.
मागं कोबीवाला कधीचा
हॉर्न दाबून बसला होता.